संघमित्राच्या ॲडमिशनचा जुलै

जुलै लागला की आमच्या लॅबमध्ये रक्तगट तपासायला मुलं येऊ लागतात. एरवी आमच्याकडे येणारे सगळे पन्नाशीच्या पुढचे. साखर, थायरॉइड, कोलेस्टेरॉल. जुलैत मात्र बाकावर अठरा वर्षांची मुलं बसलेली दिसतात, शेजारी आई नाहीतर वडील, मांडीवर प्लॅस्टिकची फाइल. कॉलेजच्या वैद्यकीय दाखल्यावर रक्तगट लिहावा लागतो. मी बोट पुसते, सुई टोचते आणि त्यांचं लक्ष दुसरीकडे जावं म्हणून विचारते, "कुठे मिळालं?"

उत्तर बहुतेक वेळा आईच देते. "अजून कुठे हो! दुसऱ्या फेरीची वाट बघतोय." किंवा, "इथे मेकॅनिकल मिळतंय, बाहेरच्या राज्यात कॉम्प्युटर मिळतंय. पण फी आमच्या वर्षाच्या पगाराएवढी." मूल बोटावर कापूस दाबून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत असतं. आईच्या ओढणीला झेरॉक्सच्या दुकानातला तो गरम, करपट वास येत असतो. तो वास आला की माझे खांदे आपोआप खाली येतात. चार वर्षं झाली, तरी येतात.

आमच्या संघमित्राच्या ॲडमिशनचा तो जुलै मला कागदांवरूनच आठवतो. दहावीचं, बारावीचं, अधिवासाचं, जातीचं, जात पडताळणीचं. प्रत्येकाच्या तीन प्रती. कोथरूडमध्ये आमच्या सोसायटीच्या कोपऱ्यावर झेरॉक्सचं दुकान आहे. तिथे पाटी आहे, 'मूळ कागद मशीनमध्ये विसरू नयेत. विसरल्यास घरी आणून दिले जाणार नाहीत.' त्या महिन्यात मी इतक्या फेऱ्या मारल्या की एकदा दुकानदार म्हणाला, "मॅडम, मशीनच घेऊन जा, आम्हाला पण जरा विश्रांती." बाहेर दिवसभर भुरभुर चालू असायची. धड छत्री उघडावी असंही नाही आणि मिटावी असंही नाही. कागद भिजू नयेत म्हणून मी फाइल ओढणीखाली पोटाशी धरून चालायचे. मित्रा पोटात होती तेव्हा मी इतकं जपून चालले नसेन.

संघमित्राला घरात आम्ही मित्रा म्हणतो. नाव तिच्या आजोबांनी ठेवलं. आम्ही बौद्ध. माझे यजमान मिलिंद मूळचे वाशीमकडचे. डिप्लोमा करून पाटबंधारे खात्यात लागले आणि पुण्यात आले. गेली कित्येक वर्षं खडकवासल्याच्या कार्यालयात आहेत. बोलणं मोजकं, चप्पल कोपऱ्यात सरळ ठेवणारा माणूस. मित्राच्या जात पडताळणीसाठी जुना पुरावा हवा होता म्हणून ते एकटेच गावी जाऊन आले. शाळेच्या जुन्या रजिस्टरात त्यांच्या आजोबांचं नाव सापडलं. नाव होतं, आडनाव नव्हतं. आडनावाच्या जागी जात लिहिलेली होती. घरी आल्यावर त्यांनी हे सांगितलं ते, एसटी दोन तास लेट होती असं सांगावं तशा आवाजात. मग पाय धुतले आणि जेवायला बसले.

मित्राला कॉम्प्युटरच करायचं होतं. त्यात घरात कुणाचं दुमत नव्हतं. ती आठवीत असताना मिलिंद यांच्या ऑफिसातल्या कुणीतरी जुना संगणक दिला होता, तो उघडून, पुसून, परत जोडून तिने चालू केला त्या दिवसापासूनच ते ठरल्यासारखं होतं. प्रश्न एवढाच होता की कुठे.

राज्याच्या प्रवेशफेरीतून पुण्यातलंच सरकारी कॉलेज मिळण्यासारखं होतं. प्रवर्गातून अगदी नक्की, खुल्या यादीतून अगदी थोडक्यात हुकणारं. तिथे शिक्षणशुल्क आम्हाला जवळजवळ पडणारच नव्हतं. आणि मित्राने स्वतःहून अर्ज केलेलं दुसरं कॉलेज होतं तामिळनाडूत. खासगी विद्यापीठ, मोठं आवार, माहितीपुस्तिकेत हिरवळीवर लॅपटॉप घेऊन बसलेली मुलं. त्याच्या चार वर्षांच्या खर्चासाठी शैक्षणिक कर्ज काढावं लागणार होतं, आणि घराचे हप्ते अजून चालू होते.

कुणीही शहाण्या माणसाने पहिलं घेतलं असतं. आम्हीही तेच धरून चाललो होतो. पण मित्रा ऐकेना.

"तिकडचा सिलॅबस जास्त चांगला आहे," ती म्हणायची. मिलिंद दोन्हीकडचे सिलॅबस छापून आणायचे, पेन्सिलने खुणा करायचे आणि म्हणायचे, "सत्तर टक्के सारखाच आहे." मग ती म्हणायची, "तिकडे प्लेसमेंट चांगली आहे." मिलिंद त्याचीही चौकशी करून यायचे. मग ती म्हणायची, "मला घराबाहेर राहून शिकायचंय." यावर त्यांच्याकडे कागद नव्हता. ते भाजीत पोळी बुडवून तशीच धरून ठेवायचे.

रोज संध्याकाळी हेच. मी लॅबमधून यायचे, पाय सुजलेले असायचे, कुकर लावायचे, आणि बाहेरच्या खोलीत तोच विषय त्याच शब्दांत सुरू व्हायचा. वाळत घातलेले कपडे वाळत नव्हते. घरभर दमट वास, खुर्च्यांवर टॉवेल, टेबलावर कॉलेजांच्या याद्या. नागपूरहून नणंदबाईंचा फोन यायचा, "वहिनी, मुलीला एवढ्या लांब कशाला पाठवता? इथे हक्काची जागा असून?" मी हं हं करत भाजी हलवायचे. माझं मत काय, असं मला त्या महिन्यात कुणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, माझं मत असं की मला झोपायचंय. माणसं मोठे निर्णय कसे घेत असतील, याचं मला आधी फार कुतूहल होतं. त्या जुलैत कळलं. माणसं दमतात, आणि दमून जिथे बसतात त्या जागेला निर्णय म्हणतात.

पहिल्या फेरीचा निकाल लागला तो गुरुवार होता. सकाळीच मित्राच्या मोबाइलवर आलं. पुण्यातलं सरकारी कॉलेज, कॉम्प्युटर. तिकडच्या विद्यापीठाचे पैसे भरायची मुदत शुक्रवारी संध्याकाळी संपत होती. मला वाटलं, सुटलो एकदाचे. मी रजा टाकली. तांदळाची खीर करू म्हणून दूध आणायला दोघी खाली उतरलो, तर लिफ्टमध्ये इराची आई भेटली.

इरा म्हणजे दुसऱ्या मजल्यावरची मुलगी. मित्रा आणि ती दोन वर्षं एकाच क्लासला, एकाच बाकावर, एकाच स्कूटीवर. इराला मित्रापेक्षा किंचित जास्त गुण होते आणि पहिल्या फेरीत तिला हवं ते मिळालेलं नव्हतं. इराची आई दमलेली दिसत होती. माझ्यासारखीच. तिच्याही हातात फाइल होती.

"मिळालं ना मित्राला?" तिने विचारलं.

"हो, आत्ताच कळलं."

"छान. मिळणारच होतं म्हणा तुम्हाला," ती म्हणाली, हसली आणि तळमजला आल्यावर छत्री उघडून निघून गेली.

मी मित्राकडे बघितलं. ती लिफ्टच्या दाराकडे बघत होती. चेहऱ्यावर राग नव्हता. बसथांब्यावर आपली बस न थांबता पुढे गेली की चेहरा होतो तसा होता. आम्ही दूध घेतलं.

घरी आल्यावर ती स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून उभी राहिली. "आई, रिझल्टच्या दिवशी इरापण हेच म्हणाली होती. 'तुझं काय गं, तुझं होऊन जाईल.' वाईट हेतूने नाही म्हणाली. हसत म्हणाली. मीपण हसले."

"तू बोलली नाहीस मला."

"काय बोलायचं? दोन वर्षं मी तिला गणितं समजावलीत. त्या एका वाक्यात सगळी पुसली गेली." ती थांबली. "इथे राहिले तर चार वर्षं हे ऐकायचं. यादीत नावापुढे कॅटेगरी छापलेली असते, आई. सगळे बघतात. तिकडे कुणाला माहीत नाही. तिकडे संघमित्रा म्हणजे नुसतं एक लांबलचक नाव."

मिलिंदही त्या दिवशी घरीच होते. ते दारात येऊन उभे होते हे आम्हाला दोघींनाही कळलं नव्हतं. ते म्हणाले, "मीपण ऐकलंय. नोकरीला लागल्यापासून ऐकतोय. बढतीच्या वेळी तर पेढ्याबरोबर ऐकलं."

मित्रा त्यांच्याकडे वळली. "मग तुम्ही थकला नाहीत, बाबा?"

मला वाटलं, आता ते काहीतरी मोठं बोलतील. आजोबांचं सांगतील, रजिस्टरातल्या त्या रकान्याचं सांगतील, हक्क कुणी आणि कसा मिळवून दिला ते सांगतील. जयंतीच्या कार्यक्रमात ते या विषयावर दहा मिनिटं न अडखळता बोलतात. पण ते म्हणाले, "थकलो."

आणि ओट्यावरची दुधाची पिशवी उचलून त्यांनी भांड्यात रिकामी केली. खाली सांडलं नाही. मी इतकंच बघत होते, खाली सांडतंय का.

दुपारपर्यंत काहीच ठरलं नाही. चारच्या सुमारास मीच ओरडले. आजही त्या वाक्याची मला लाज वाटते. मी म्हणाले, "जे काय करायचं ते करा, पण आज करा. मला उद्या सकाळी सातला लॅब उघडायचीय." पोरीच्या आयुष्यातला एवढा मोठा दिवस आणि तिच्या आईने लॅबच्या किल्ल्यांचं कारण पुढे केलं. पण खरं सांगते, त्या क्षणी मला तेवढंच दिसत होतं. सकाळचे सात, रिकाम्यापोटी आलेल्या माणसांची रांग, मूठ बंद करा, उघडा.

मिलिंद उठले आणि त्यांनी लॅपटॉप टेबलावर घेतला. चष्मा लावला. तामिळनाडूच्या विद्यापीठाचं पान उघडलं. मित्रा खुर्चीच्या मागे उभी राहिली.

"बाबा, तुम्हाला पटलेलं नाहीये."

"नाही पटलेलं," ते म्हणाले. "तरी भरतोय. एकच सांगतो. दमलीस म्हणून जा. लाज वाटते म्हणून जाऊ नकोस."

मित्रा म्हणाली, "मला आत्ता दोन्हीतला फरक कळत नाहीये, बाबा."

"बरं," ते म्हणाले, आणि त्यांनी बटण दाबलं.

खीर आम्ही केली. साखर कमी पडली होती, कुणी बोललं नाही.

पुण्यातली जागा आम्ही सोडली. सोडताना मिलिंद यांनी विचारलं, की ही जागा पुढे कुणाला जाईल. मित्रा म्हणाली, यादीत पुढे जे असेल त्याला. दुसऱ्या फेरीनंतर त्यांनी ती यादी उघडून बघितली म्हणे. कुणाला सांगितलं नाही, पण वर्षभराने बोलता बोलता निघालं. जालन्याकडची एक मुलगी होती. तिचं नाव त्यांच्या अजून लक्षात आहे. अधूनमधून म्हणतात, "ती पास होत असेल ना गं व्यवस्थित?" न बघितलेल्या त्या पोरीची काळजी करताना त्यांचा चेहरा जरा सैल होतो. मी म्हणते, "होत असेल हो."

मित्रा गेली. पहिलं वर्ष फार सुखाचं होतं, निदान फोनवरून तरी. मेसमधला भात, खोलीत येणारी माकडं, रात्रीसुद्धा न उतरणारा उकाडा, तमिळ शिकताना होणारी फजिती. "इथे मला कुणी काही विचारत नाही, आई," ती सांगायची. मला बरं वाटायचं. मिलिंद यांनाही वाटत असावं. त्यांनी नवा रेनकोट घेतला नाही आणि स्कूटरचं सीट दोनदा शिवून घेतलं, पण कर्जाचा विषय मुलीसमोर कधी काढला नाही.

दुसऱ्या वर्षीच्या दिवाळीत ती घरी आली तेव्हा जरा बारीक झाली होती. मी करंज्या लाटत होते, ती कडा दाबत होती. मिलिंद दारातल्या दिव्यांच्या माळेचे बल्ब तपासत होते. अचानक ती म्हणाली, "तिकडे मला कुणी काही म्हणत नाही हे खरंय, आई. पण माझ्यासमोर म्हणतात."

"म्हणजे?"

"म्हणजे त्यांना माहीत नाही ना. त्यांना वाटतं मी त्यांच्यातलीच. मग जेवताना मोकळेपणाने बोलतात. कोटा, फुकटे, लायकी नसलेले, सगळं. आणि मी तिथे बसून जेवते. इरा निदान माझ्या तोंडावर बोलली होती. तिला मी काहीतरी उत्तर देऊ शकले असते. तिकडे मी उत्तर दिलं तर आधी मी कोण आहे ते सांगावं लागतं. सव्वा वर्ष मी नुसती जेवले."

माझा हात लाटण्यावर थांबला. मिलिंद यांनी माळ खाली ठेवली.

"मग मागच्या महिन्यात सांगून टाकलं," ती म्हणाली. "पाच जणी होतो टेबलावर. एक नाशिकची, बाकीच्या दिल्ली-लखनौकडच्या. नेहमीसारखं चाललं होतं. मी म्हटलं, तुम्ही ज्यांच्याबद्दल बोलताय ती मी आहे. माझ्या घरात शाळेच्या पुढे माझे बाबा पहिले शिकले. पुण्यात मला चांगली जागा मिळाली होती, ती मी तुमच्यासारख्यांचं बोलणं ऐकायला नको म्हणून सोडून आले, आणि इथे येऊन पैसे भरून तेच ऐकतेय."

"मग?" मी विचारलं.

"मग काय. एक उठून गेली. एक इतक्या वेळा सॉरी म्हणाली की मलाच तिची समजूत घालावी लागली. नाशिकची म्हणाली, तू आधी का नाही सांगितलंस? आणि कानपूरची जी होती ना, सुरभी, ती काहीच बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्यासाठी नाश्त्याला जागा धरून बसली होती. अजून धरते."

मिलिंद यांनी एवढंच विचारलं, "आवाज कापला का तुझा?"

"खूप," मित्रा म्हणाली.

"माझा अजून कापतो," ते म्हणाले, आणि माळेचा पुढचा बल्ब पिळून बघायला लागले.

मी त्यावर कितीदा विचार केलाय. पुण्यात राहिली असती तर हे लवकर झालं असतं का? की झालंच नसतं, आणि ती रोज थोडी थोडी आत मिटत गेली असती? इथल्या कॉलेजात तिच्यासारख्या चारजणी भेटल्या असत्या, एकत्र डबा खाल्ला असता, एकत्र हसल्या असत्या, तेही असेल. आम्ही तिला लांब पाठवलं ते बरं केलं की वाईट, हे मला आजही सांगता येत नाही. कर्ज अजून फिटायचंय. ते सांगता येतं.

म्हणून लॅबमधल्या आया जेव्हा विचारतात, "तुमची मुलगी बाहेर शिकली ना? काय करावं हो आम्ही?" तेव्हा मी त्यांना काहीच सांगत नाही. "पाणी प्या," म्हणते. "सकाळपासून काही खाल्लंय का?" बहुतेकींनी खाल्लेलं नसतं. माझ्या टेबलाच्या खणात ग्लुकोजचे बिस्किटपुडे असतात, एक देते. लॅबच्या डॉक्टरांनी मागे एकदा विचारलं होतं, "हे पेशंटसाठी आहेत की पालकांसाठी?" मी म्हटलं, "जुलैत पालकांसाठी." एक बाई गेल्या आठवड्यात बिस्किट खाता खाताच रडायला लागली. तिच्या मुलाला काय करावं कळेना. तो कापूस दाबलेलं बोट तसंच धरून दुसऱ्या हाताने तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. मी नळ्यांवर नावं लिहिण्याचं निमित्त करून आत गेले.

इरा शेवटी साताऱ्याजवळच्या कॉलेजात गेली. आता ती हिंजवडीत नोकरी करते. दोघी कधीमधी भेटतात, चहा पितात. पूर्वीसारखं नाही, पण अगदीच तुटलंही नाही. इराची आई मला लिफ्टमध्ये भेटते. आम्ही गुडघ्यांबद्दल बोलतो.

मित्राचं शिक्षण या उन्हाळ्यात संपलं. कंपनीने नोकरीचं पत्र दिलंय, रुजू व्हायची तारीख दिलेली नाही. सध्या सगळ्यांचंच तसं चाललंय म्हणे. तोवर घरीच आहे. नोकरीच्या भरवशावर न बसता पुढे शिकायचा तिचा विचार आहे, या वेळी सरकारी संस्थेत. परवा रविवारी दुपारी ती त्या प्रवेशपरीक्षेचा अर्ज भरत जेवणाच्या टेबलाशी बसली होती. मिलिंद पेपर वाचत होते. मी तिच्या शेजारी मेथी निवडत होते आणि उगाच लॅपटॉपच्या पडद्याकडे बघत होते.

नाव झालं, पत्ता झाला. मग प्रवर्गाचा रकाना आला. माझे हात थांबले. मिलिंद यांचा पेपरही हलायचा थांबला. ऐकणाऱ्या माणसाचा पेपर कसा होतो ते मला माहीत आहे. मित्राने रकाना उघडला, यादीतून आपलं निवडलं आणि खाली गेली. तिच्या कपाळावर आठीसुद्धा पडली नाही. आमच्या दोघांकडे तिने बघितलंही नाही.

"आई, तुझा व्यवसाय काय टाकू?" तिने विचारलं. "नोकरी की गृहिणी?"

"दोन्ही," मी म्हणाले.

"दोन्ही घेत नाही. एकच निवडायचं असतं."

"मग नोकरी टाक," मी म्हणाले, आणि मेथी धुवायला उठले.